बॅटरीसाठी कौल

जुलैमधल्या मंगळवारी सकाळी सात वाजता वीज गेली. मशीन बॅटरीवर चालू झाले. सात वाजून पस्तीस मिनिटांनी बॅटरी संपली. आम्ही सिलेंडर लावला. तो दहाच्या सुमारास संपला. अकरा वाजून वीस मिनिटांनी बाबा गेले.

एवढेच मी त्या आठवड्यात कागदावर उतरवू शकले. बाकीचे लिहायला तीन वर्षे लागली.

बाबा चाळीस वर्षे समुद्रात होते. आधी आजोबांच्या होडीवर, मग स्वतःच्या लाँचीवर. विड्यांचा धूर आणि इंजिनाचा धूर, दोन्ही त्यांनी सारख्याच निष्ठेने आत घेतले. कुडाळच्या डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो उजेडासमोर धरून दाखवला, तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, "डॉक्टर, दर्यार इतको वारो आसा, तो माझ्याच छातीत कसो जायना?" डॉक्टर हसले नाहीत. त्या वर्षी लाँच विकली. पुढच्या वर्षी, म्हणजे २००६ च्या डिसेंबरात, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारे मशीन कोल्हापूरहून भाड्याने आणले. छोट्या कपाटाएवढे होते. दिवसभर घरघरत असे. त्याची पारदर्शक नळी बाबांच्या कानांवरून नाकाशी येई. मशीनला बाबा 'सवत' म्हणत. आईला ते आवडत नसे.

"दिवसाचे सोळा तास हे चालू राहिले पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "वीज जाऊन चालणार नाही."

वीज जाऊन चालणार नाही, हे वाक्य आमच्या किनाऱ्यावर फक्त बाहेरून आलेला माणूसच उच्चारू शकत होता. त्या काळात सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास भारनियमन असे. पावसाळ्यात माडाची एक झावळ तारेवर पडली की दोन दिवस अंधार. जवळ ठेवायला एक सिलेंडर मिळाला होता, पण तो दोन-अडीच तासांचा आणि भरून आणायचा तर कुडाळपर्यंत जायला हवे. म्हणून सोलर. वीज असताना बॅटरी विजेवर भरायची, नसताना उन्हावर, आणि दोन्ही नसताना बॅटरीत जे साठले असेल त्यावर बाबांनी श्वास घ्यायचा. पॅनेल कोणतीही घेतली तरी फारसा फरक पडत नव्हता. सगळे बॅटरीवर अवलंबून होते.

मी मालवणच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. एखादी गोष्ट कळत नसेल तर तिच्यावरचे पुस्तक शोधायचे, एवढीच माझी विद्या. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून मी दोन पुस्तिका आणल्या, पत्र पाठवून एक माहितीपत्रक मागवले आणि तीन रविवार वाचत बसले. त्यातून मला जे समजले ते चार वाक्यांत सांगता येते. बॅटरी दोन प्रकारची असते. एक गाडीची किंवा लाँचीची: ती क्षणभर प्रचंड ताकद देते, इंजिन सुरू करते आणि मग इंजिनच तिला भरत राहते. दुसरी सोलरची: ती ताकद कमी देते, पण तासन् तास देते आणि रोज रिकामी झाली तरी तिचे बिघडत नाही. लाँचीची बॅटरी रोज रिकामी केली तर काही महिन्यांत आतून मरते.

हे मी बाबांना सांगितले. ते मीच सांगितले, ही चूक झाली.

आमच्यातले भांडण माझ्या पंधराव्या वर्षापासूनचे. त्यांना माझे लग्न करायचे होते, मला शिकायचे होते. मी शिकले, मग लग्न राहून गेले, आणि ही दोन वाक्ये एकाच दमात म्हणायची संधी त्यांनी कधी सोडली नाही. ते चौथी शिकलेले. माझी बाजूही स्वच्छ नव्हती. मी कॉलेजात असताना त्यांनी बंदर खात्याला एक अर्ज लिहिला होता. ओटीवर पाचसहा माणसे बसलेली असताना तो मी हातात घेतला आणि लाल पेनने त्यातल्या चुका दुरुस्त केल्या. अर्ज बाबांनी दुसऱ्याकडून लिहून घेतला. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी हातात पेन धरल्याचे मला आठवत नाही.

बॅटरी बघायला आम्ही जानेवारीत मालवणच्या बाजारात गेलो. दुकानदार बाबांच्या ओळखीचा होता. वीस वर्षे त्यांच्या लाँचीच्या बॅटऱ्या त्यानेच दिल्या होत्या. बाबा स्टुलावर बसले, श्वास जमेपर्यंत थांबले आणि कोपऱ्यातल्या काळ्या ठोकळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ती. दोन दी."

"ती लाँचीची," दुकानदार म्हणाला. "तुमका मशीन चलवची आसा ना?"

"बॅटरी ती बॅटरी. दर्यात चलता, घरात चलाक काय जाता तिका?"

दुकानदार माणूस चांगला होता. विकून मोकळा झाला असता तरी चालले असते. तो बाबांसमोर उकिडवा बसला. "ही कुस्ती खेळणारी," तो म्हणाला. "दोन मिनटां जोर करतली नि बसतली. तुमका रापण ओढणारो गडी व्हयो. हळूहळू ओढीत ऱ्हवतलो, चार तास, पाच तास, पण दोरी सोडूचो नाय. तो ह्यो." त्याने शेजारच्या उंच बॅटरीवर हात ठेवला.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्या गावाने मिळून ओढायचे जाळे. बाबांना ते समजले. चेहऱ्यावरून दिसले की त्यांना पटलेही होते. तेवढ्यात मी म्हणाले, "मी तुमका ताच सांगा होतंय, बाबांनू. पुस्तकातपण ह्याच लिवलेला आसा."

बाबांची उजवी भुवई वर गेली. टोमण्याआधी ती नेहमी जायची.

"पुस्तकात आसा?"

"आसा."

"मगे पुस्तकच लाव माझ्या नाकाक."

दुकानात तीनचार गिऱ्हाइके होती. सगळी हसली. दुकानदारही हसला. मी बाहेर जाऊन रिक्षात बसले.

घरी येताना बाबा रिक्षावाल्याला देवगडच्या बाहेरच्या वादळाची गोष्ट सांगत होते. लाटेने लाँच आडवी झाली, इंजिन बंद पडले, सात माणसे, आणि बॅटरीने एका झटक्यात इंजिन फिरवले. ती गोष्ट खरी होती. त्या सातांपैकी दोघे आमच्याच वाडीतले. त्या बॅटरीवर बाबांचा जो विश्वास होता तो अडाणीपणातून आला नव्हता, हे मला तेव्हाही कळत होते. पण ते कबूल करायला मी तयार नव्हते.

पंधरा दिवस घरात कोणी बॅटरीचे नाव काढले नाही. वीज गेली की बाबा मशीनशिवाय खाटेवर ताठ बसून राहत, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. ओठ काळसर पडत. आई पंख्याने वारा घाली. मी माहितीपत्रक वाचत असे, त्यांना दिसेल अशा जागी बसून.

मग एका सकाळी बाबा म्हणाले, "कौल लावया."

आमच्याकडे कौल कशाकशासाठी लावतात ते सांगितले पाहिजे. विहीर कुठे खणायची, होडी कधी पाण्यात लोटायची, मुलीला हे स्थळ द्यायचे की नाही, आजाऱ्याला मुंबईला न्यायचे की इथेच ठेवायचे. देवळात गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो, काही उजवीकडे, काही डावीकडे. मग देवापुढे प्रश्न मांडायचा. उजवीकडची कळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. लोक त्यावर घरे बांधतात आणि मोडतातही. बॅटरीसाठी कोणी कौल लावल्याचे मी ऐकले नव्हते, पण कोणाला त्यात वावगे वाटले नाही. गुरव फक्त एवढेच म्हणाला, "बॅटरी? बरां. अगोदर माका वायच समजावन सांगा, देवाक काय सांगतलंय मी?"

त्याला आणि बाबांना मी देवळाच्या पायरीवर बोलताना पाहिले. बाबा त्याच्या कानाशी वाकून सांगत होते, मधेच थांबून श्वास घेत होते. मी लांब, दीपमाळेजवळ उभी होते. मला यायचेच नव्हते. आईने आणले होते.

गाभाऱ्यासमोर सातआठ माणसे जमली. गुरवाने गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माणसे म्हणाली.

"आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला आसा. तेच्या घरात उन्हाची वीज येवची आसा. बॅटरी लाँचीची घेवची काय सोलरची, ह्येच्यार बापाचा नि चेडवाचा एकमत होयना नाय. तर म्हाराजा, चेडवाची बॅटरी घेवची असात, तर उजवो कौल दी. आणि घरात सगळ्यांका बरां ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

आम्ही उभे राहिलो. पाषाणावरून पाणी ओघळत होते. कोणीतरी खोकले. बाबांचा श्वास मला माझ्या जागेवरून ऐकू येत होता. देवळात दुसरा आवाज नव्हता. मग उजवीकडची कळी पडली.

आईने डोळ्यांना पदर लावला. बाबा माझ्याकडे वळले. ते हसत होते. मला ते हसणे दुकानातल्या हसण्यासारखे वाटले.

"घे," ते म्हणाले. "देव तुझ्या बाजून आसा. आता जोड हात आणि सांग, देवाचा मानलंय म्हणान."

मला एवढेच करायचे होते. दोन हात एकमेकांजवळ आणायचे होते. वाटल्यास तोंडाने काही बोलायचेही नव्हते. मान हलवली असती तरी गुरवाने चालवून घेतले असते.

मी घरात मालवणीच बोलते. पण रागावले की प्रमाण मराठी बोलते, शाळेतली, कचेरीतली. बाबांच्या मनाला ती भाषा लागते, हे मला ठाऊक होते. मी त्या भाषेत म्हणाले, "तीन आठवडे वाचून मी जे सांगितले ते तुम्हाला पटले नाही. आणि ओल्या दगडावरून एक कळी घसरली म्हणून पटले. बॅटरी कोणती घ्यायची हे दगड ठरवणार असेल, तर मला ती बॅटरी नको."

मग गुरव म्हणाला, "कौल मोडू नको गो बाय."

"नको म्हणता तां," बाबा म्हणाले. त्यांचे हसणे गेले होते. "ऐकलास मरे सगळ्यांनी? कौल तेच्या बाजून पडलो आणि तांच नको म्हणता. मी खंय मोडतंय? नको तर नको. लाँचीची हाडूया."

परत येताना आई माझ्याशी एकच वाक्य बोलली. "हात जोडूक काय जाता होता तुझा?"

दुसऱ्या दिवशी एसटीत कंडक्टरने तिकीट फाडताना विचारले, "काय बाई, देवाकच नापास केलास म्हणे?"

फेब्रुवारीत सोलर बसले. पॅनेलवर माडाची सावली येत होती. तो माड बाबांनी स्वतः लावलेला, बावीस वर्षांचा, भरपूर नारळ देणारा. माडावर चढणारा पाडेली बोलावून त्यांनी तो एका दुपारी तोडून घेतला आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही. घरापुढच्या खळ्यात आडवा पडलेला माड ओलांडून दोन काळ्या बॅटऱ्या घरात आल्या. दुकानदाराने जोडणी केली आणि निघताना माझ्याकडे बघून, बाबांना दिसणार नाही असे, मान हलवली.

पहिल्या दिवशी मशीन बॅटरीवर चार तास चालले. बाबांनी मला शाळेतून आल्या आल्या सांगितले. "चार तास! कुस्तीवालो चार तास ओढता. तुझ्या पुस्तकाक कळव."

मार्चमध्येही जवळजवळ चार. येणाऱ्याजाणाऱ्याला बाबा खाटेखालच्या बॅटऱ्या दाखवत, पाहुण्याला म्हैस दाखवावी तशा. "चेडू म्हणा होता, मरतली. बघा." एकदा नात्यातली एक बाई माझ्यासमोर म्हणाली, "शिकान तरी काय इला हातात?" बाबा म्हणाले, "चष्मो इलो." मी आत जाऊन भात टाकला.

मला तेव्हा काय वाटत होते ते मी लिहिणार आहे. मी बॅटरी मरायची वाट बघत होते.

वीज गेली की मी घड्याळ बघे आणि मशीनचा आवाज बंद झाला की पुन्हा बघे. एप्रिलच्या शेवटी तीन तास. मेच्या मध्यावर दोन. पुस्तिकेत लिहिले होते तसेच घडत होते. वाचलेले डोळ्यांसमोर खरे होताना बघण्यात जे सुख असते, ते मी त्या उन्हाळ्यात घेतले. बाबांना मी सांगितले नाही. त्यांनीच बोलावे, अशी माझी अट होती. एकदा त्यांनी म्हटले असते, "गो, ह्या बरोबर चलना नाय," तर मी त्याच दिवशी मालवणला जाऊन सोलरची बॅटरी आणली असती. दुकानदाराने माझ्यासाठी दोन बाजूला काढूनही ठेवल्या होत्या.

बाबांनी ते म्हटले नाही. त्यांनी दुसरेच काही केले, आणि ते माझ्या लक्षात यायला जून उजाडला. बॅटरी संपत आली की मशीनचा आवाज किंचित जड होई. तो आवाज येताच बाबा स्वतः नळी काढत आणि म्हणत, "वायच बंद कर गो. कंटाळो इलो माका. वाऱ्यार बसतंय." आणि ओटीवर जाऊन बसत, हात गुडघ्यांवर रोवून. बॅटरी माझ्यासमोर मरू नये म्हणून ते तिच्या आधीच उठत होते. इंजिनाचा आवाज ओळखण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्या कानांना माझ्या घड्याळाच्या पाच मिनिटे आधी कळायचे.

मला हे कळल्यावर मी काय केले? काही नाही. मी मशीन बंद केले, ते म्हणत होते तसे. "कंटाळलास? बरां," म्हणाले. ते ओटीवर बसत आणि मी दारात पुस्तक घेऊन बसे. दोघांनाही सगळे ठाऊक होते. आई एकदा म्हणाली, "ह्यांचे ओठ बघ काय झाले हत ते." मी म्हणाले, "त्यांकाच नको आसा मशीन, मी काय करू?"

जूनच्या अखेरीस बॅटरी पन्नास मिनिटे चालत होती. मी ठरवले की पाऊस ओसरला की आणू. कोणालाही न विचारता आणू, कौल नाही, पुस्तक नाही. ते ठरवून मला फार मोठ्या मनाचे झाल्यासारखे वाटले होते.

त्या मंगळवारच्या आधी तीन दिवस ऊन पडले नव्हते. रात्री वारा होता, पण वीज सकाळपर्यंत टिकली. सात वाजता गेली. मशीन बॅटरीवर आले. पंचवीस मिनिटांनी आवाज जड झाला. बाबांनी नळी काढली नाही. त्या दिवशी त्यांना ओटीवर जाता आले नसते. सात पस्तीसला मशीनने बारीक शिट्टी वाजवली आणि ते थांबले. आम्ही तिघेही त्याच्याकडे बघत होतो.

सिलेंडर लावला. चुलतभावाला त्याची जीप आणायला सांगितले. तो निघाला आणि अर्ध्या वाटेवर अडकला. वळणावर आंबा आडवा पडला होता. माणसे कोयते घेऊन फांद्या तोडत होती. नऊ वाजता निरोप आला की अर्ध्या तासात येतो. दहाला सिलेंडरचा काटा खाली टेकला. साडेदहाला पुन्हा निरोप आला की अर्ध्या तासात येतो. आई दर थोड्या वेळाने डोक्यावर इरले घेऊन पाणंदीच्या टोकाला जाई आणि परत येई.

अकराच्या पुढे ती अशीच गेली होती. मी बाबांना पाठीमागून धरून बसले होते. इतक्या जवळ मी त्यांच्या लहानपणानंतर कधी बसले नव्हते. माझ्या लहानपणानंतर, असे म्हणायचे आहे. त्यांनी मान थोडी वळवली. भुवई वर गेली नाही, पण तेवढे बळही नसेल. ते म्हणाले, "जिंकलंस गो."

त्यात टोमणा होता की कबुली, हे मी ठरवू शकलेले नाही. दोन्हीचा मी पुष्कळ विचार केला आहे. पण ते ऐकताच माझ्या मनात प्रथम काय आले, ते मला पक्के आठवते. मला बरे वाटले. एका श्वासापुरते का होईना, पण बरे वाटले. त्यांचा श्वास तेवढ्यात संपला.

आई भिजलेली आत आली. तिने बघितले. काही वेळाने तिने विचारले, "काय सांगल्यानी? शेवटाक काय सांगल्यानी?"

मला तिला ते दोन शब्द सांगता आले नाहीत. सांगितले असते तर कौलापासून सगळे सांगावे लागले असते, घड्याळ, ओटी, दुकानात बाजूला ठेवलेल्या दोन बॅटऱ्या. मी म्हणाले, "पाणी मागितल्यानी."

"दिलंस?"

मी होय म्हणायला हवे होते. एवढे साधे उत्तर होते. पण खोटे बोलायची सवय नसलेल्या माणसाला दुसरे खोटे लगेच सुचत नाही. तांब्या खिडकीत भरलेला होता, तसाच झाकलेला, आणि आई त्याच्याकडे बघत होती.

"नाय," मी म्हणाले. "तेवढ्यात..."

बाराव्याला गुरव आला होता. जेवण झाल्यावर तो हात धुवायला मागच्या बाजूला आला. मी भांडी घासत होते. तो म्हणाला, "एक सांगू गो? राग धरू नको."

"सांगा."

"माणूस कौल मागता ना, तो आपल्या मनातला उजवीकडे मागता. मी तुझ्या बापाशीक इचारलंय, उजवीकडे काय घालू? तुझी लाँचीची? तर तो म्हणालो, नाय, चेडवाची घाल. चेडवाचा म्हणणा खरा आसा, म्हणालो, पण माझ्या तोंडान मी तेका तसा सांगाक शकणंय नाय. देवान सांगल्यान तर बरां." त्याने पंच्याला हात पुसले. "देवाकडे हराक तेची ना नव्हती. म्हणान तो हसलो, कळी पडली तेव्हा."

मी भांडी घासत राहिले. गुरव गेला.

गणपतीनंतर मी मालवणला जाऊन सोलरच्या दोन बॅटऱ्या आणल्या. दुकानदाराने त्या अजून बाजूला ठेवल्या होत्या. मशीन कोल्हापूरला परत गेले होते, म्हणून आता त्यांच्यावर तीन दिवे, एक पंखा आणि आईचा रेडिओ चालतो. दोन-दोन दिवस वीज नसली तरी त्या संपत नाहीत. तीन वर्षे झाली. चांगल्या बॅटऱ्या आहेत. पुस्तिकेत लिहिलेले सगळे बरोबर होते.

आईने मला एकदाच विचारले, बाबांच्या वर्षश्राद्धाच्या सकाळी. "मरणाऱ्या माणसाक एक घोट पाणी देवचा झाला नाय तुका?" तिला वाटते ते वाटू द्यावे, असे मी ठरवले. केलेल्या गुन्ह्यापेक्षा हा गुन्हा लहान आहे.

घरात आता आम्ही दोघी आहोत. मी तिला खरे सांगितलेले नाही. ती माझ्या हातचे जेवते, माझ्या हातून औषध घेते. पाणी माझ्या हातचे घेत नाही. उठून स्वतः घेते.